स्कीममधले रेकॉर्ड अ‍ॅक्सेसर फास्ट कसे करायचे, मोंढ्यातल्या पट्टीचं उदाहरण घेऊन

ज्यांना स्कीम ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत लॅम्डा, लेट, लिस्ट एवढं जमतंय आणि आता स्वतःची छोटी लायब्ररी लिहायचीय त्यांच्यासाठी हे लिहायलोय. उदाहरण आपल्या मोंढ्यातलंच घेतो, सोयाबीन विकल्यावर आडत्या जी पट्टी देतो ना ती: शेतकऱ्याचं नाव, किती क्विंटल, ओलावा किती, भाव काय लागला. लातूरच्या मोंढ्यात सीझनला अशा पट्ट्यांचा ढीग पडतो, म्हणून त्यांचा हिशोब करणारा प्रोग्रॅम एकच फील्ड लाखो वेळा वाचतो आणि तिथंच अ‍ॅक्सेसर (म्हणजे रेकॉर्डमधलं एक फील्ड वाचून देणारी प्रोसिजर) हळू असला की लगेच कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोडमधले कीवर्ड मी इथं देवनागरीत लिहिलेत, मशीनवर टाकताना ते इंग्रजी स्पेलिंगनं टाका. आकडे पण इंग्रजीच टाका, देवनागरी १ ला स्कीम आकडा मानत नाही. पण पट्टी, भाव, ओलावा ही आपली नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात, गाईल आणि चेझ ही स्कीमची दोन इम्प्लिमेंटेशन खुशाल घेतात, आर७आरएस ह्या स्कीमच्या स्टँडर्डमध्ये तशी सोयच आहे, फक्त नावाची सुरुवात मात्रेनं किंवा आकड्यानं करता येत नाही.

रेकॉर्ड आतून कसं असतं

स्कीम १९७५ सालचं आहे, पण रेकॉर्डची सगळ्यांना चालेल अशी पद्धत यायला लई वेळ लागला. १९९९ मध्ये रिचर्ड केल्सींनी एसआरएफआय ९ (स्कीममध्ये भर घालायचा प्रस्ताव) लिहिलं, त्यातलीच डिफाइन-रेकॉर्ड-टाइपची पद्धत पुढं २०१३ च्या आर७आरएसमध्ये आली. मधल्या २००७ च्या आर६आरएसनं वेगळी, जास्त मोठी सिस्टिम आणली, तिचं खाली येईलच. साधी पद्धत अशी:

(डिफाइन-रेकॉर्ड-टाइप पट्टी
  (पट्टी-बनव शेतकरी क्विंटल ओलावा भाव)
  पट्टी?
  (शेतकरी पट्टी-शेतकरी)
  (क्विंटल पट्टी-क्विंटल)
  (ओलावा पट्टी-ओलावा)
  (भाव पट्टी-भाव पट्टी-भाव-बदल!))

मेमरीत ही पट्टी म्हणजे ओळीनं ठेवलेले पाच खण. पहिल्या म्हणजे ० नंबरच्या खणात टाइपकडं बोट दाखवणारा पॉइंटर, त्याला आपण टाइप-खूण म्हणू, आणि पुढच्या चार खणांत चार फील्ड. म्हणजे पट्टी-भावला कामं दोनच: हातात आलेली वस्तू खरंच पट्टी आहे का ते बघायचं आणि चौथ्या फील्डची किंमत काढून द्यायची. चांगल्या कंपाइलरमध्ये हे मशीनच्या मोजक्या इन्स्ट्रक्शनमध्ये होतं. जिथं होत नाही तिथं का होत नाही, तेच शोधायचंय.

आधी मोजा, मग हात लावा

मोजायचं कसं ते नीट ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नका. पट्ट्यांनी भरलेला एक मोठा व्हेक्टर घ्या आणि नुसती भावाची बेरीज करा:

(डिफाइन (भाव-बेरीज व)
  (लेट लूप ((इ ०) (एकूण ०))
    (इफ (= इ (व्हेक्टर-लेंग्थ व))
        एकूण
        (लूप (+ इ १)
             (+ एकूण (पट्टी-भाव (व्हेक्टर-रेफ व इ)))))))

भाव पूर्ण रुपयांतच ठेवा, ४३५० असा. ४३५०.५० असा दशांश टाकला की बहुतेक स्कीममध्ये प्रत्येक बेरजेला नवीन फ्लोट मेमरीत बनतो, मग तुम्ही अ‍ॅक्सेसर मोजताय असं वाटतं आणि मोजला जातो तो गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी साफ करणारा भाग. बेरीज शेवटी स्क्रीनवर छापा, नाहीतर हुशार कंपाइलर म्हणतो हे उत्तर कुणालाच नको आणि सगळा लूपच उडवतो, मग वेळ शून्याच्या जवळ दिसतो आणि माणूस उगाच खूश होतो. वेळ बघायला चेझमध्ये टाइम आहे, गाईलच्या प्रॉम्प्टवर स्वल्पविराम देऊन टाइम लिहायचं, आणि कुठंही चालेल असं हवं असेल तर आर७आरएसचं करंट-जिफी.

हाच लूप अ‍ॅक्सेसरच्या जागी नुसता व्हेक्टर-रेफ आणि पट्ट्यांच्या जागी साधे व्हेक्टर टाकून पण चालवा. तो तुमचा तळ. अ‍ॅक्सेसर त्याच्या जवळपास आला की थांबायचं, त्याच्या फार खाली जायला जागा नसते.

आणि हो, लॅपटॉप चार्जरवर असताना मोजा. लाइट गेली की बॅटरीवर प्रोसेसरचा क्लॉक उतरतो, आपल्याकडं भारनियमनात अर्धी मोजणी लाइटवर अर्धी बॅटरीवर झाली तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. परभणीच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत मोजलं तर चार्जर असूनही मशीन तापून स्वतःच हळू होतं. सकाळी मोजा.

अजून एक. प्रॉम्प्टवर टॉप-लेव्हलला डिफाइन केलेला अ‍ॅक्सेसर मोजू नका. तिथं कुणीही पट्टी-भाव नाव उद्या दुसऱ्या कशाला देऊ शकतं, म्हणून कंपाइलर तो कॉल उघडून आत बसवायला धजत नाही. लायब्ररीत किंवा मॉड्यूलमध्ये टाका, फाइल कंपाइल करा, मग मोजा. कित्येक वेळा फक्त एवढ्यानंच अर्धं काम होतं.

हळू अ‍ॅक्सेसर कसा तयार होतो

आता आपली लायब्ररी. समजा स्कीममधलं तयार रेकॉर्ड न वापरता व्हेक्टरवर स्वतःचं बनवतोय, कारण आत काय होतंय ते दिसतं. टाइप हा पण एक व्हेक्टर, त्यात नाव आणि फील्डची यादी, ती यादी टाइप-फील्ड काढून देतो. फील्डचा नंबर असा निघतो:

(डिफाइन (फील्ड-क्रमांक ट फ)
  (लेट लूप ((यादी (टाइप-फील्ड ट)) (क्र १))
    (कंड ((नल? यादी) (एरर "असं फील्ड नाही" फ))
          ((ईक्यू? (कार यादी) फ) क्र)
          (एल्स (लूप (सीडीआर यादी) (+ क्र १))))))

(डिफाइन (याच-टाइपचा? र ट)
  (अँड (व्हेक्टर? र)
       (> (व्हेक्टर-लेंग्थ र) ०)
       (ईक्यू? (व्हेक्टर-रेफ र ०) ट)))

आणि नवीन माणूस अ‍ॅक्सेसर बहुतेक असा लिहितो:

(डिफाइन (अ‍ॅक्सेसर ट फ)
  (लॅम्डा (र)
    (इफ (याच-टाइपचा? र ट)
        (व्हेक्टर-रेफ र (फील्ड-क्रमांक ट फ))
        (एरर "चुकीचा माल" फ र))))

उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण फील्ड-क्रमांक लॅम्डाच्या आत आहे, म्हणजे भाव वाचायच्या प्रत्येक वेळी यादी सुरुवातीपासून धुंडाळली जाते. तलाठ्याकडं एकाच वावराच्या सातबाऱ्यासाठी रोज जायचं आणि रोज नावावरून गट नंबर शोधायला लावायचा, तसला प्रकार. भाव शेवटचं फील्ड, त्यामुळं त्याला सगळ्यात जास्त शोध लागतो, आणि वाचला पण तोच सगळ्यात जास्त जातो.

खूण म्हणून टाइपची वस्तूच ठेवा, 'पट्टी असं सिम्बॉल नको. दोन लायब्ऱ्यांनी एकच सिम्बॉल वापरलं की एकीचा माल दुसरीत खपतो आणि चेकिंगला काही कळत नाही.

इंडेक्स लॅम्डाच्या बाहेर काढा

(डिफाइन (अ‍ॅक्सेसर ट फ)
  (लेट ((क्र (फील्ड-क्रमांक ट फ)))
    (लॅम्डा (र)
      (इफ (याच-टाइपचा? र ट)
          (व्हेक्टर-रेफ र क्र)
          (चुकीचा-माल ट फ र)))))

ओळ एकच वर सरकली. शोध आता अ‍ॅक्सेसर बनताना एकदाच होतो. ह्याचा अजून एक फायदा आहे आणि मला तर तो वेगापेक्षा मोठा वाटतो: 'ओलावाच्या जागी 'ओलवा टाइप झालं असेल तर एरर फाइल लोड होतानाच येतो, आधीच्या कोडमध्ये तो सीझनमध्ये कधीतरी ते फील्ड वाचायला गेल्यावर आला असता.

एरर देणारं काम चुकीचा-माल नावाच्या वेगळ्या प्रोसिजरमध्ये टाकलंय तेही बघून घ्या. कंपाइलर छोट्या प्रोसिजर इनलाइन करतो, म्हणजे कॉलच्या जागीच उघडून बसवतो, आणि छोटं म्हणजे किती याची त्याची मर्यादा असते. एररचा मेसेज, नावं जोडणं, यादी बनवणं हे सगळं अ‍ॅक्सेसरच्या पोटात ठेवलं तर तो फुगतो आणि इनलाइन व्हायचा राहतो, तेही अशा कोडपायी जो कधी चालतच नाही.

आकडा पक्का करा

वरच्या कोडमध्ये क्र क्लोजरमध्ये (लॅम्डा आणि त्यानं धरून ठेवलेली बाहेरची नावं) अडकलेला व्हेरिएबल आहे. कंपाइलरला तो ४ आहे हे माहीत नाही, म्हणून क्लोजरमधून तो आणा, पूर्णांक आहे का बघा, व्हेक्टरच्या लांबीत बसतो का बघा, मग वाचा. आकडा कोडमध्येच लिहिलेला असेल तर पत्ता कंपाइल होतानाच ठरतो. म्हणून लहान इंडेक्ससाठी वेगवेगळे लॅम्डा बनवून ठेवतात, ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. पक्का हा इथं मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होताना कोड लिहून देणारा साचा:

(डिफाइन-सिंटॅक्स पक्का
  (सिंटॅक्स-रूल्स ()
    ((_ ट फ न)
     (लॅम्डा (र)
       (इफ (याच-टाइपचा? र ट)
           (व्हेक्टर-रेफ र न)
           (चुकीचा-माल ट फ र))))))

(डिफाइन (अ‍ॅक्सेसर ट फ)
  (लेट ((क्र (फील्ड-क्रमांक ट फ)))
    (केस क्र
      ((१) (पक्का ट फ १))
      ((२) (पक्का ट फ २))
      ((३) (पक्का ट फ ३))
      ((४) (पक्का ट फ ४))
      (एल्स (पक्का ट फ क्र)))))

आठ-दहापर्यंत नेलं तरी पुरतं, त्याहून जास्त फील्डांचं रेकॉर्ड असेल तर ते फोडायची वेळ आलीय असं समजा. सगळीकडं सारखा फरक पडतो असं नाही, इंटरप्रिटरवर चालणाऱ्या स्कीममध्ये फार दिसणार नाही, म्हणूनच तळ मोजून ठेवायला सांगितलं.

व्हेक्टरवर बनवलेल्या रेकॉर्डची एक मर्यादा मात्र इथंच उघडी पडते. व्हेक्टर? विचारलं तर पट्टी हो म्हणते, आर७आरएसला हे चालत नाही, रेकॉर्डचा टाइप वेगळाच असायला हवा. शिवाय टाइप जुळल्यावर चौथा खण आहेच हे आपल्याला माहीत असतं तरी व्हेक्टर-रेफ लांबी परत तपासतो. म्हणून शिकून झालं की खरी लायब्ररी त्या-त्या स्कीमच्या आतल्या साधनावर बांधा, गाईलमध्ये स्ट्रक्ट, बाकीच्यांत त्यांचं जे असेल ते.

टाइपची तपासणी

एसआरएफआय ९ आणि आर७आरएसच्या रेकॉर्डला वारसा नाही, त्यामुळं तपासणी म्हणजे एक ईक्यू?, विषय संपला. आर६आरएसमध्ये वारसा आहे. समजा पट्टीवरून हमीभाव-पट्टी काढली, तिच्यात सरकारी खरेदीची जास्तीची फील्ड. आता पट्टी-भावच्या हातात हमीभाव-पट्टी आली तरी त्यानं चाललं पाहिजे, म्हणून खूण जुळली नाही तर आईबापाची साखळी चढत जावं लागतं.

ह्यावर तीन उपाय. पहिला, ज्या टाइपला लेकरं होणारच नाहीत त्याला सील्ड म्हणून टाका, आर६आरएसमध्ये तसा शब्दच आहे, मग तपासणी परत एका ईक्यू?वर येते. दुसरा, आधी थेट ईक्यू? बघा आणि नाही जुळलं तरच साखळी चढा, कारण बहुतेक माल त्याच टाइपचा असतो. तिसरा, साखळी खोल असेल तर प्रत्येक टाइपजवळ त्याच्या सगळ्या पूर्वजांचा व्हेक्टर ठेवा आणि पट्टी कितव्या पिढीला आहे तो आकडा पट्टीजवळ. मग त्या नंबरच्या खणात पट्टीच बसलीय का एवढंच बघायचं, साखळी कितीही लांब असो, फक्त व्हेक्टर तेवढा लांब आहे का ते आधी बघा. मी तरी नवीन माणसाला पहिलाच उपाय सांगेन, आर६आरएसच्या वारशाची गरज वाटते त्यापेक्षा फार कमी वेळा पडते.

इनलाइन करताना हे ध्यानात ठेवा

अ‍ॅक्सेसर रनटाइमला बनतो तोवर पट्टी-भाव हा एक कॉलच राहतो. तो कॉल पण नको असेल तर अ‍ॅक्सेसर मॅक्रो करायचा, म्हणजे जिथं वापरला तिथं तपासणी आणि वाचणं दोन्ही उघडून बसतं. पण नुसता सिंटॅक्स-रूल्सचा मॅक्रो केला तर (मॅप पट्टी-भाव यादी) मोडतं, कारण मॅक्रोला वस्तूसारखं पाठवता येत नाही. कॉल म्हणून आला तर उघडायचं आणि नुसतं नाव आलं तर खरी प्रोसिजर द्यायची, असं दोन्ही लागतं. गाईलमध्ये ह्यासाठी डिफाइन-इनलाइनेबल तयार आहे (पट्टी-टाइप म्हणजे पट्टीची टाइप-वस्तू):

(डिफाइन-इनलाइनेबल (पट्टी-भाव प)
  (इफ (याच-टाइपचा? प पट्टी-टाइप)
      (व्हेक्टर-रेफ प ४)
      (चुकीचा-माल पट्टी-टाइप 'भाव प)))

गाईलचं स्वतःचं एसआरएफआय ९ पण आतून असंच चालतं. चेझमध्ये बऱ्याचदा हे हातानं करायची गरजच पडत नाही, लायब्ररीत असलेलं रेकॉर्ड त्याचा कंपाइलर स्वतःच उघडतो, आणि २०१२ मध्ये अँडी कीप आणि केंट डिबविग ह्यांनी तर दाखवून दिलं की रनटाइमच्या पद्धतीनं बनवलेले अ‍ॅक्सेसर सुद्धा कंपाइलरला तेवढेच चांगले करता येतात.

आता ह्यातली खोच. समजा पट्टीत भावाच्या आधी हमाली नावाचं फील्ड घातलं. लायब्ररी परत कंपाइल झाली, भाव आता पाचव्या खणात. पण रिपोर्टची फाइल जुनीच कंपाइल झालेली आहे आणि तिच्यात ४ हा आकडा इनलाइन होऊन बसलाय. टाइप-खूण रनटाइमला लायब्ररीतून येते, ती जुळते, तपासणी पास होते आणि रिपोर्ट भाव म्हणून हमाली छापतो. एरर नाही, क्रॅश नाही, क्विंटलला १५ रुपये भाव! गाईलचं ऑटो-कंपाइल त्या फाइलीचीच तारीख बघतं, ती ज्या मॉड्यूलवर अवलंबून आहे ते बदललं का हे बघत नाही. म्हणून इनलाइन अ‍ॅक्सेसर असलेल्या लायब्ररीत नवीन फील्ड नेहमी शेवटी जोडा आणि तरीसुद्धा टाइपला हात लावला की सगळ्या कंपाइल झालेल्या फाइली पुसून परत बनवा.

एकाच पट्टीची तीन फील्डं

रक्कम काढताना क्विंटल घ्या, भाव घ्या, ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर घट घ्या, म्हणजे एकाच पट्टीची तपासणी तीनदा. काही कंपाइलरच्या ध्यानात येतं की ही वस्तू मघाशीच तपासलीय आणि ते पुढच्या तपासण्या काढून टाकतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी एक मॅक्रो लिहा जो एकदा तपासेल आणि हवी ती फील्डं लेटमध्ये बांधून देईल. वस्तूचा टाइप मधेच बदलत नाही त्यामुळं एकदाची तपासणी टिकते, भाव मात्र मधे पट्टी-भाव-बदल! नं बदलू शकतो, तेव्हा बांधलेली किंमत फार वेळ धरून बसू नका.

तपासणीच काढून टाकायची का

हा प्रश्न येतोच. चेझमध्ये ऑप्टिमाइझ-लेव्हल ३ आहे, गँबिट स्कीममध्ये डिक्लेअर करून नॉट सेफ, चिकन स्कीमला कंपाइल करताना अनसेफचा फ्लॅग. तिन्हीकडं अर्थ एकच, चुकीची वस्तू आली तर कंपाइलर जबाबदार नाही, कचरा किंमत येईल नाहीतर प्रोग्रॅम आडवा होईल. माझं मत, लायब्ररीच्या फाइलीत हे लिहायचंच नाही. ज्याला स्वतःच्या मालाची खात्री आहे तो स्वतःच्या प्रोग्रॅमवर लावेल, आणि वरच्या पायऱ्या केल्यावर एका ईक्यू?चा खर्च तसाही मोजमापात नीट दिसत नाही, कारण तो रिझल्ट जवळपास दर वेळी सारखाच येतो आणि प्रोसेसर आधीच अंदाज धरून पुढं गेलेला असतो.

सेटरला म्हणजे पट्टी-भाव-बदल! ला पण हेच सगळं लागू होतं, इंडेक्स बाहेर, आकडा पक्का, एरर बाजूला. पण तो अ‍ॅक्सेसरएवढा स्वस्त होईल अशी अपेक्षा धरू नका. चेझसारख्या जनरेशनल (नव्या आणि जुन्या वस्तू वेगळ्या धरणारा) गार्बेज कलेक्टर असलेल्या स्कीममध्ये जुन्या वस्तूत नवीन वस्तू टाकली की कलेक्टरला तशी नोंद द्यावी लागते, तो खर्च अ‍ॅक्सेसरला नसतो. भाव छोटा पूर्णांक असेल तर ती नोंद टाळता येते, शेतकऱ्याचं नाव म्हणजे स्ट्रिंग असेल तर नाही. म्हणून बदलायची गरज नसलेल्या फील्डला सेटर ठेवूच नका, वरच्या पट्टीत तो फक्त भावाला आहे तो त्यामुळंच.